इकडं नको येऊ

माय वारली त्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हा एका दुपारी मी तिला बोलताना ऐकलं.

अकोल्याचा मे महिना. स्टेशनच्या बाजूला नोकरदार लोकांनी भाड्यानं घेतलेल्या खोल्यांची एक ओळ होती, त्यातल्या टोकाच्या दोन खोल्या आमच्या. वर पत्रे. बारा वाजले की गल्लीत कुत्रंही दिसत नसे आणि पत्रे तापून मधूनच तडतडत, तेवढाच काय तो आवाज. बाबा पोस्टात कारकून होते, ते कामावर गेलेले. मी पुढच्या खोलीत ज्वारी पाखडत बसले होते. धाकटी बहीण मागच्या खोलीत होती, जिथं माय आजारपणात पडून असायची. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन, माय गेल्यावर शाळा सुटलेली; धाकटी चारेक वर्षांची.

मागून आवाज आला, "दार लाव व मोठे, लू आत येऊन राह्यली."

मला घरात सगळे मोठी म्हणत. मी उठले, गरम वारा येऊ नये म्हणून दार लावलं, कडी घातली, परत येऊन सूप हातात घेतलं. आणि मग माझे हात थांबले.

तो मायचा आवाज होता. मायसारखा नव्हे, मायचाच. 'व' जरा ओढलेला, 'राह्यली'वर दम संपल्यासारखा खाली गेलेला. आणि वाक्याच्या आधी तिचा तो खोकला. आधी कोरडा, मग आतून काही खरवडून आल्यासारखा.

मी मागच्या दारापर्यंत कशी गेले ते आठवत नाही. पाठीवरचा घाम एकदम गार झाला होता, ते मात्र आठवतं. खोलीत धाकटीशिवाय कोणी नव्हतं. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि पत्र्याच्या डब्याचं झाकण जमिनीवर भिंगरीसारखं फिरवत होती. झाकण थांबलं की पुन्हा फिरवायची. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. ती कोणाकडंच पाहत नसे. आणि त्या दिवसापर्यंत तिच्या तोंडून आम्ही एक शब्दही ऐकला नव्हता.

धाकटीचं सगळंच उशिरा झालं. रांगली उशिरा, चालली उशिरा. बोलण्याचं कोणी काढलं की माय म्हणायची, "बोलीन ना बापा, तिले काय घाई हाय." पुढं माय स्वतःच अंथरुणाला खिळली. लग्नाआधी ती अकोटला रेच्यावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात कामाला होती. तिथली कापसाची धूळ तिच्या छातीत बसली असं बाबा म्हणायचे. डॉक्टर म्हणाले क्षय. औषध सुरू झालं तेव्हा उशीर झाला होता. ती गेली, आणि तिच्या खोलीत ही मुकी पोर झाकण फिरवत बसू लागली.

त्या दुपारनंतर मायचा आवाज वरचेवर येऊ लागला. "मोठे, पाणी ठेव व चुलीवर." "कंदिलाची काच पुसली काय?" "जेवले काय? जेवून घ्या, माही वाट नोका पाहू." सगळी मायची वाक्यं. काही मी स्वतः ऐकलेली, काही न ऐकलेली. धाकटीचं तोंड त्या वेळी फारसं हलायचंही नाही. झाकणाकडं डोळे लावून ती असं काही बोलायची की तिच्या मागं कोणीतरी बसलं आहे आणि ही फक्त त्याची खिडकी आहे, असं वाटावं. मी पाणी ठेवायची. काच पुसायची. आवाज आला की काम करायचं, ही सवय अंगात होती. काम झाल्यावर भीती वाटायची.

पण एक वाक्य असं होतं की ते आलं की सवयही चालत नसे. "इकडं नको येऊ व बाई. तिकडंच थांब."

ते आमच्यापैकी कोणी कधीच ऐकलं नव्हतं. माय असं कोणाला म्हणाली असेल, तेही आम्हाला सुचत नव्हतं. त्या वाक्यातला तिचा आवाज निराळाच होता, रडू दाबून बोलल्यासारखा. शेजारच्या काकूंचा धाकटीवर जीव होता. एकदा त्या वाटीत मुगाची उसळ घेऊन तिच्यासाठी आल्या, मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि समोरून खोकला आणि मग ते शब्द आले. वाटी तिथंच पडली. त्या दिवसापासून काकू आमच्या दारावरून जायच्या त्या पदर डोक्यावर ओढून आणि खाली पाहून. गल्लीत बोलणं सुरू झालं. पोरं आमच्या भिंतीला कान लावून उभी राहायची आणि मग एकदम ओरडत पळत सुटायची.

अकोटहून आत्या आली. बाबांची थोरली बहीण, धाकटीचा फार लाड करणारी, मोठी धीट बाई. तीही त्या दारात गेली, ते वाक्य ऐकलं आणि पाय न उचलता मागं सरकली. पुढच्या खोलीत येऊन ती मागच्या दाराकडं तोंड करूनच बसली. बाबा घरी आल्यावर ती म्हणाली, "पोरीले बार्शीटाकळीले घेऊन चाल. तिथं एक जन पाह्यतो बाहेरचं."

बाबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातानं मोर्णा नदीत सोडले होते. भूत, करणी, अंगात येणं, हे सगळं त्याच गाठोड्यात गेलं असं ते सांगत. ते म्हणाले, "आक्का, आपन थे सगळं सोडलं."

आत्या मागच्या खोलीकडं पाहत म्हणाली, "तू सोडलं रे. पन तिनं सोडलं काय?"

आत्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं निघून गेली.

बार्शीटाकळीला बाबा गेले नाहीत. पण ते दुपारी घरी येऊ लागले. आधी डबा घेऊन जायचे, तो त्यांनी बंद केला. भर उन्हात सायकल मारत यायचे, चपला काढायचे आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसायचे. आत जात नसत. तिथंच मांडी घालून, भिंतीला टेकून, डोळे मिटून. मी ताट वाढून ठेवायची आणि ते तसंच राहायचं. मग केव्हातरी आतून आवाज यायचा, "जेवले काय?"

"नाई अजून," बाबा म्हणायचे.

"जेवून घ्या, माही वाट नोका पाहू."

"बरं," बाबा म्हणायचे आणि ताट ओढून घ्यायचे.

मी चुलीपाशी बसून हे पाहायची. भुतापेक्षा त्या 'बरं'ची मला जास्त भीती वाटायची. जिवंत माणूस जिवंत माणसाला म्हणतो तसं ते साधं 'बरं' होतं.

असं दोन वर्षं चाललं असेल. खोकल्यामुळं बाबांनी धाकटीला सरकारी दवाखान्यात दाखवून आणलं होतं. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, छाती स्वच्छ होती. "हिला खोकला नाहीच," ते म्हणाले, आणि धाकटी त्यांच्या समोर मायचा खोकला खोकली. डॉक्टरांनी पुन्हा एकदा तिच्या छातीला नळी लावली. मग म्हणाले की अमरावतीला एक बाई आहेत, बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवतात, मुंबईला शिकून आल्या आहेत. ही पोर बहिरी नाही, पण त्यांनी हिला एकदा पाहावं. बाबांनी मान हलवली. घरी आल्यावर तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

काढला तो माझ्या मावशीनं. मावशी अमरावतीला राहायची, मायची पाठची बहीण. ती सुट्टीत आली आणि तिनं मायचा आवाज ऐकला. पदर तोंडात घालून खूप रडली. मग डोळे पुसले, आत जाऊन धाकटीपुढं बसली, तिचं तोंड हातात धरून आपल्याकडं वळवायला गेली. धाकटीनं ते झटक्यात सोडवून भिंतीकडं फिरवलं. बाहेर येऊन मावशी बाबांना म्हणाली, "भाऊजी, हे माही बहीण नाई. माही बहीण असती तं तिनं पोरीले असं भिंतीकडं तोंड करून ठेवलं नसतं. डॉक्टरनं सांगतलेल्या त्या बाईपाशी मी दोघी पोरीयले घेऊन जातो."

बाबा म्हणाले, "मोठीले घेऊन जा. धाकटी राहू द्या."

"कावून?"

बाबांची नजर मागच्या खोलीच्या उंबऱ्याकडं गेली. मावशीला ते न सांगताच कळलं असावं. ती नरमाईनं म्हणाली, "भाऊजी, तुमी पोरगी सांभाळून राह्यले का बायको?"

दुसऱ्या दिवशी मावशी आणि आम्ही दोघी बहिणी रेल्वेनं बडनेऱ्याला आणि तिथून अमरावतीला गेलो.

बाईंचं घर अंबागेटच्या आत होतं. त्यांचे यजमान कॉलेजात शिकवत. मागच्या दोन खोल्यांत बाईंची शाळा. पहिल्या दिवशी मी दारातून आत पाहिलं आणि मला वाटलं, आपण एका भुतावळीतून निघून दुसऱ्या भुतावळीत आलो. सतरंजीवर मुलं ओळीनं बसली होती, प्रत्येकासमोर आरसा. आरशात पाहून ती तोंडं उघडत, मिटत, ओठ लांबवत होती. काहींच्या गळ्यातून आवाजच नव्हता. काहींच्या गळ्यातून निघत होता तो विहिरीत तोंड घालून हाका माराव्यात तसा. एका मुलाच्या ओठांसमोर बाईंनी मोराचं पीस धरलं होतं. तो 'प' म्हणायचा, पीस हलायचं, आणि पीस हललेलं पाहून तो हसायचा. ते हसणंही आवाजाविना.

बाई पन्नाशीच्या आतबाहेरच्या होत्या. पुण्याकडचं बोलणं, चष्मा, सुती नऊवारी. धाकटीला त्यांनी वेगळ्या खोलीत बसवलं आणि कित्येक दिवस काहीच शिकवलं नाही. तिच्या शेजारी जमिनीवर बसायच्या, एक झाकण घ्यायच्या आणि आपणही फिरवायच्या. मी कोपऱ्यात बसून हे पाहायची आणि मनातून चिडायची. मावशी कामधाम सोडून आम्हाला सांभाळत होती, ती काय ह्यासाठी?

एका सकाळी धाकटी खोकली आणि म्हणाली, "दार लाव व मोठे, लू आत येऊन राह्यली."

मी उठले. बाईंनी हातानं मला थांबवलं. "हे आई केव्हा म्हणायची?"

"उन्हाळ्यात. लू सुटली की."

"आत्ता तर थंडी आहे." बाई दाराकडं पाहत होत्या. दारातून उन्हाची एक पट्टी आत आली होती, ती सरकत सरकत धाकटीच्या डोळ्यांवर पोचली होती. "आता लाव बरं दार."

मी दार लावलं. धाकटी गप्प झाली आणि झाकण फिरवू लागली.

"उघड."

दार उघडलं. ऊन तिच्या तोंडावर पडलं. लगेच खोकला, आणि तेच वाक्य, तसंच, तोच हेल. आम्ही दोघींनी हे पुन्हा केलं, पुन्हा तेच झालं.

बाई म्हणाल्या, "हे बघ, भुताला थंडीत लू लागत नाही. हिच्या डोळ्यांवर ऊन येतंय, तिला दार लावून हवंय. ती बोलते आहे, मुली. केव्हापासूनच बोलते आहे. तुम्ही सगळे आईचं ऐकत होतात. हिचं ऐकायला कोणी नव्हतं."

मला ते तेव्हा नीट कळलं नाही. मी विचारलं, "मग मायच्या आवाजात कावून?"

"आपण सुटे शब्द जोडून वाक्य करतो. हिच्याजवळ सुटे शब्द नाहीत. अख्खं वाक्य हाच तिचा एक शब्द. जसं कानावर पडलं तसं उचललेलं, आवाजासकट, खोकल्यासकट. आम्हाला शिकवताना सांगितलं होतं की अशा वाक्यांकडं लक्ष देऊ नका, म्हणजे ती बंद होतात. पण हिच्याजवळ तेवढंच आहे. तेच बंद केलं तर ती मागणार कशानं?"

मग बाईंनी मला रोज कोपऱ्यात बसवून विचारायला सुरुवात केली. हे वाक्य आलं तेव्हा काय चाललं होतं? ते आलं तेव्हा तिचे डोळे कुठं होते? 'पाणी ठेव' म्हणजे तहान, अंघोळ नव्हे. 'काच पुसली काय' म्हणजे अंधार पडतो आहे, मला आवडत नाही. 'जेवले काय' म्हणजे मला भूक लागली. हे कळलं तेव्हा मी बाईंच्या घरातून उठून मागच्या आडापाशी जाऊन उभी राहिले. दोन वर्षं बाबा दुपारी उंबऱ्यावर जेवत होते आणि आत ती भूक सांगत होती.

त्यानंतर वाक्यं तोडायचं काम सुरू झालं. हे काम फार सावकाश चालतं, पुढं मी ते आयुष्यभर केलं म्हणून मला माहीत आहे. ऊन आलं की बाई दाराशी जाऊन हात दारावर ठेवायच्या आणि धाकटीनं वाक्य पुरं केलं की दार लावायच्या. काही आठवड्यांनी त्या स्वतःच म्हणायच्या, "दार लाव," आणि तिथंच थांबायच्या. मग नुसतं "दार," आणि थांबायच्या. थांबणं हेच खरं काम होतं. त्या थांबलेल्या वेळात खोलीत इतकी शांतता व्हायची की शेजारच्या खोलीतल्या मुलांच्या गळ्यातले आवाज भिंतीतून यायचे.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत जाऊ लागले होते, मला माझ्या बोलण्याची लाज वाटायला लागली होती. मी बाईंना म्हटलं, "हिला शुद्ध बोलायला शिकवा. 'मला' म्हणायला."

"घरी काय म्हणता?"

"मले."

"मग 'मले'. ती ज्यांच्यात राहणार त्यांचंच बोलणं तिला यायला हवं. मलाच शिकव तुझं." आणि त्या आपल्या पुणेरी हेलात म्हणू लागल्या, "मले पानी दे. मले भूक लागली." मुलांना न्यायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. बाई त्यांनाही विचारायच्या, "बरोबर आलं का?"

आणि एक दिवस, बाईंचा हात दारावर होता, ऊन धाकटीच्या गालापर्यंत आलं होतं, खोकला आला नाही. जरा वेळ काहीच आलं नाही. मग कोणीतरी म्हणालं, "दार."

मी दचकून मागं पाहिलं. मागं कोणी नव्हतं. तो आवाज जाडसर होता, घोगरा, गंजलेल्या बिजागरीसारखा. आमच्या घरात असा आवाज कधी कोणाचाच नव्हता. मायचा आवाज ऐकून मी जेवढी घाबरले नव्हते तेवढी त्या क्षणी घाबरले. आपल्या बहिणीच्या तोंडातून कोणी अनोळखी माणूस बोललं असं मला वाटलं. बाईंनी दार लावलं आणि काळोख्या खोलीत धाकटीकडं पाहून म्हणाल्या, "हा तुझा आवाज. बरा आहे की."

एकाच वाक्याचा अर्थ बाईंना लागत नव्हता. 'इकडं नको येऊ.' ते ती वाटेल तेव्हा म्हणत नसे. नव्या माणसाला कधीच नाही. मावशी खोलीच्या दारात आली की म्हणायची. मला म्हणायची. मला पाय मागं घ्यायची सवयच लागून गेली होती. बाईंच्या मनात काहीतरी येत होतं, पण त्या बोलल्या नाहीत. "वडील यायचे आहेत ना? येऊ देत," एवढंच म्हणाल्या.

बाबा उन्हाळ्यात रजा काढून आले. मी त्यांना घेऊन बाईंकडं गेले. धाकटी आत झाकण घेऊन बसली होती. बाबा दारात उभे राहिले. धाकटीनं मान वळवली नाही, पण झाकणावरचा हात थांबला. खोकला आला, किती दिवसांनी आला होता. आणि मग माय म्हणाली, "इकडं नको येऊ व बाई. तिकडंच थांब."

बाबांनी चपला काढल्या आणि दाराबाहेर मांडी घालून बसले. डोळे मिटले.

बाई आतून आल्या. "बाहेर का बसलात?"

"थे नाई म्हनते," बाबा म्हणाले.

"कोण नाही म्हणते?"

बाबांनी डोळे उघडले. बाईंनी विचारलं, "हिची आई आजारी होती तेव्हा ही पोर कुठं असायची?"

"उंबऱ्यापाशी. आत जाऊ देत नव्हतो. डॉक्टरनं सांगतलं होतं, लेकरायले जवळ येऊ देऊ नोका. मी कामावर, मोठी शाळेत. दिवसभर थे आत आन हे उंबऱ्यावर..." बाबा थांबले.

"आणि ही आत जायला निघाली की आई काय म्हणत असेल?"

शेजारच्या खोलीत एक मूल 'आ' लांबवत होतं.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आईनं जवळ येऊ नको म्हटलं तेव्हा हिला काय हवं होतं, ते आठवा. आईकडं जायचं होतं. त्या वेळी जे शब्द कानावर पडले तेच हिच्याजवळ आहेत. ज्या माणसाजवळ जावंसं वाटतं त्याच्यासाठी हिच्याकडं दुसरे शब्द नाहीत. तिच्या पायांकडं पाहा."

आम्ही पाहिलं. धाकटीची मांडी मोडली होती. एक पाय जमिनीवर टेकलेला, टाच उचललेली, आमच्याकडं येण्यासाठी निघालेला आणि तिथंच अडलेला. तोंड भिंतीकडं होतं. ती पुन्हा म्हणाली, मायच्या त्या रडू दाबलेल्या आवाजात, "इकडं नको येऊ व बाई."

"जा," बाई बाबांना म्हणाल्या. "आत जा."

बाबा उठले. उंबरा ओलांडताना त्यांनी चौकट धरली होती. ते तिच्याजवळ जाऊन बसले, हात लावायचं धाडस त्यांना होईना. धाकटी तशीच, न पाहता, मागं मागं सरकली आणि तिची पाठ त्यांच्या छातीला टेकली. मग तिनं झाकण उचललं आणि त्यांच्या मांडीपुढं फिरवायला लागली. बाबांचे खांदे हलत होते. आवाज येत नव्हता.

बाई दारातून म्हणाल्या, "तिला सांगा, 'इकडं ये.' तुमच्या बोलण्यात."

"इकडं ये व बाई," बाबा म्हणाले. त्यांना पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं. त्या दिवशी धाकटी काही बोलली नाही. पण पुढं तिच्या त्या घोगऱ्या आवाजात आलेली पहिली दोन शब्दांची जोडी तीच होती.

संध्याकाळी बाबा बाईंच्या ओट्यावर बसले होते. निघायची वेळ झाली होती, पण उठत नव्हते. शेवटी म्हणाले, "बाई, हे असं बोलू लागली का थे दुसरं बोलनं जाईन काय?"

"कमी होईल. बहुतेक सगळं जाईल."

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "एखादं राहू देता येईन काय? जेवनाचं तेवढं?"

मला वाटलं बाई रागावतील, नाहीतर समजूत घालतील. त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मी ते पुसत नाही. ते माझ्या हातात असतं तर कदाचित ठेवलंही असतं तुमच्यासाठी. पण तिला भूक लागली हे तिला स्वतःच्या तोंडानं सांगता आलं, की ते वाक्य तिला लागणार नाही. वस्तू लागेनाशी झाली की ती जाते."

बाबा उठले, टोपी घातली. "शिकवा," म्हणाले, आणि स्टेशनकडं चालू लागले.

आधी खोकला गेला. मग कंदिलाची काच गेली, मग लू. एकेक जाताना कळलंही नाही. बऱ्याच दिवसांनी लक्षात यायचं की हे हल्ली ऐकलं नाही. ज्या वाक्यांची मला भीती वाटायची ती जात होती आणि खोली मोकळी होत होती, तरी त्या मोकळेपणात मला गारवा वाटायचा, बंद घरात शिरल्यासारखा. जेवणाचं वाक्य सर्वांत शेवटी गेलं. शेवटचं कोणी ऐकलं, मी की मावशी, हे आम्हा दोघींनाही सांगता येत नाही. बाबांनी नव्हतं ऐकलं.

आम्ही अकोल्याला परतलो तेव्हा धाकटी नऊ-दहा वर्षांची होती. वाक्यं तोकडी, आवाज तसाच जाडसर, पण तिचा. "मले भाकर दे." "बाबा, इकडं ये." "हे पोट्टं वाईट हाय." शेजारच्या काकू पहिल्यांदा दबकतच आल्या. धाकटी त्यांना म्हणाली, "बस." त्या बसल्या. तिला शाळा फारशी जमली नाही. पण ती बाजारातून भाजी आणू लागली आणि बाबांच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रस्त्यातल्या वस्तूंची नावं घेऊ लागली. बाबा दुपारी पुन्हा डबा नेऊ लागले. मॅट्रिक झाल्यावर मी अमरावतीला बाईंच्या हाताखाली काम शिकायला गेले आणि तेच काम करत राहिले.

मायचा फोटो नव्हता. आवाज तर आता कोणापाशीच उरला नव्हता. एकदा सुट्टीत घरी आले होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो मला आठवत नाही. शब्द आठवतात, आवाज नाही. दोन वर्षं रोज ऐकलेला, अंगावर काटा आणणारा तो आवाज आठवायला मी डोळे मिटून बसले तरी काही येईना. धाकटी समोर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिला विचारलं, "माय कशी बोले व? सांग ना मले."

तिनं शेंग हातातच धरून ठेवली. ती विचार करते तेव्हा तिचे डोळे भिंतीकडं जातात, अजूनही. मी वाट पाहत राहिले, बाईंनी शिकवलं होतं तशी.

"हळू," धाकटी तिच्या जाड आवाजात म्हणाली. "हळू बोले."

आणि दाणे वाटीत टाकून तिनं दुसरी शेंग उचलली.